एका मापाचे तीन फ्रॉक

शुक्रवार, ५ ऑक्टोबर २००१

ही वही उत्तराने दिली. उत्तरा म्हणजे आमच्या कॅन्डिसची मैत्रीण, दोघी अकरावीत एका वर्गात, आईबाप पुण्याचे. वय सोळा, पण बोलणं हेडमास्तरणीचं. म्हणे, "अंकल, तुम्ही आमच्या फिल्मचे कॉस्च्यूम डिझायनर. जे जे कराल ते यात लिहायचं." मी इथे ओमानात हमरियातला लेडीज टेलर, पंचवीस वर्षं कातर चालवतोय, आणि ही चिमुरडी मला गृहपाठ देऊन गेली! पण वही चांगली आहे, जाड पुठ्ठ्याची. तिला दाखवायचं ते सुट्या कागदावर लिहीन. इथे माझं लिहितो.

फेब्रुवारीत शाळेचा फेस्टिवल आहे. त्यात यांचा थ्रिलर दाखवणार, पंचवीस मिनिटांचा. उत्तरा डायरेक्टर, कॅमेरा प्रसाद नावाच्या मुलाच्या काकांचा, आणि कॅन्डिसकडे कॅरेक्टर आणि कपडे. म्हणजे कपडे कोणाकडे आले? या गाढवाकडे.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

आज जेवणाच्या टेबलावर फाइल उघडून मीटिंग झाली. प्रत्येक पात्राला एक पान. नाव, वय, कशाला घाबरतो, काय लपवतो, खिशात काय असतं. मिस व्हेरा नावाची पियानो शिकवणारी बाई सूर गावाला जाते म्हणून घरातून निघते आणि गायब होते. पंधरा वर्षांनी त्याच घराचं दार उघडून आत येते, त्याच हिरव्या फ्रॉकमध्ये. सगळ्यांना वाटतं भूत. भूत नसतं, बाई जिवंत असते, आणि तिला कोणी मारायचा प्रयत्न केला ते शोधायला आलेली असते.

मी म्हटलं, "फ्रॉकला खिसा कशाला?" उत्तरा म्हणाली, "अंकल, मिस व्हेरा त्या घराची चावी पंधरा वर्षं खिशात घेऊन फिरते ना! खिसा मस्ट आहे." बरं बाई, देतो खिसा.

मग प्रश्न आला की व्हेरा कोण होणार. बेचाळिशीची बाई हवी. उत्तराची आई नाही म्हणाली. मी गंमत करत होतो की मीच विग लावतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून इरीन आली, पदराला हात पुसत, आणि म्हणाली, "मी होऊ?"

मी बघतच राहिलो. ही बाई फोटो काढायचा म्हटलं की भिंतीमागे जाते. लग्नाच्या आल्बममध्येसुद्धा निम्म्या फोटोंत तिची मान खाली. कॅन्डिसने तर उडीच मारली. "ममी, सिरियसली?" इरीन म्हणाली, "तुझ्या पिक्चरमध्ये मी असले तर तुला चालेल ना गो?" चालेल काय, नाचत होती पोरगी.

नंतर मी विचारलं, हे काय खूळ? म्हणाली, "कधीतरी एकदा." बायकांचं काही कळत नाही.

रविवार, १४ ऑक्टोबर

उत्तराला एकसारखे तीन फ्रॉक हवेत. एक स्वच्छ, एक चिखलाचा, एक रक्ताचा. मला समजावत होती, "अंकल, दार उघडते तो शॉट आज घेतला, आत येते तो तीन महिन्यांनी घेतला, तरी बघणाऱ्याला ते एका सेकंदात दिसतं. म्हणून सगळं सेम पाहिजे. ह्याला कंटिन्युइटी म्हणतात." पंचवीस वर्षांच्या टेलरला सेम म्हणजे काय ते शिकवते!

बाटलीहिरवं क्रेप घेतलं. कापड छान, पण निसरडं. तीन थर एकावर एक अंथरले, वर वजनं ठेवली, खडूची एकच रेघ आणि एकदाच कातर. टेप काढलाच नाही. इरीनचं माप मला लागत नाही. वसईत पापडीला उस्तादांकडे शिकत होतो तेव्हा तिची आई तिला लग्नाच्या गाऊनसाठी घेऊन आली होती. तेव्हा आमच्याकडे मुलीच्या अंगाला टेप लावायची पद्धत नव्हती. घरून मापाला जुना फ्रॉक यायचा, त्यावरून कापायचं. हे लोक तो आणायलाच विसरले! उस्ताद चिडले. मी लांबून एकदा बघितलं आणि कापलं. छत्तीस, तीस, अडतीस. गाऊन असा बसला की तिची आई म्हणाली, हा पोरगा नजरेचा वाईट तरी आहे नाहीतर कारागीर तरी. पुढे ते ठरलेलं लग्न झालं नाही, गाऊन तिने माझ्याबरोबरच्या लग्नात घातला, ते जाऊ दे. वीस वर्षं झाली, त्या अंगाला मी आजवर टेप लावलेला नाही.

पहिला फ्रॉक शिवून झाला. शेवटच्या बटणाला हिरवा दोरा संपला, काळ्याने लावलं. इरीनने घालून बघितला. आरशात स्वतःकडे बराच वेळ बघत होती. कुठे सूतभर इकडेतिकडे नाही.

शुक्रवार, २६ ऑक्टोबर

पहिलं शूटिंग. चर्चमधली मिस्सा संपवून आलो ते तसेच दुकानामागच्या गल्लीत, जिथे ते बंद पडलेलं निळ्या दाराचं घर आहे. इरीनने फक्त चालत यायचं, चावी काढायची आणि दार ढकलायचं. सात वेळा करायला लावलं उत्तराने. किराणावाले, बंगाली हमाल, सगळे जमले. एक म्हातारा ओमानी मला विचारतो, ही बाई कोण? मी छाती काढून म्हटलं, माझी बायको.

फ्रॉक उन्हात काय दिसत होता! कंबरेला असा धरलेला की हात ठेवल्यासारखा. फ्रॉक उत्तरा घेऊन गेली. तिचा नियम आहे, कपडे नटाच्या घरी जायचे नाहीत, तिन्ही तिच्या कपाटात कुलपात.

बुधवार, ७ नोव्हेंबर

इरीन मंगलाबरोबर दाताच्या डॉक्टरकडे गेली. मंगला खालच्या मजल्यावर राहते, मोठ्या हॉस्पिटलात काउंटरला आहे, तिची ओळख उपयोगी पडते. महिन्याभरात तिसरी खेप. एक दात किती वेळा काढतात हे लोक? मी येतो म्हटलं तर म्हणाली, "तुमचा ईदचा गर्दीचा मोसम, तुम्ही दुकान सांभाळा." ते खरंच आहे. अर्बाब, म्हणजे दुकानाचा मालक, रोज विचारतो, यल्ला, किती झाले.

शुक्रवार, ३० नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला हात उचलत नाही.

कुरमच्या किनाऱ्यावर दुसऱ्या फ्रॉकचं शूटिंग होतं, मिस व्हेरा चिखलातून उठते ते. रमझान चालू, म्हणून खाणंपिणं सगळं गाडीत लपून. इरीनने तेही केलं नाही, दात दुखतो म्हणाली. उत्तराच्या गाडीआड फ्रॉक घालून बाहेर आली आणि बघतो तर काय. फ्रॉक ढगळ! कंबरेत मूठभर कापड सुटं. खांदा उतरलेला. माझ्या हातचा फ्रॉक, माझ्या बायकोच्या अंगावर, आणि एखाद्या नवशिक्याने शिवल्यासारखा.

मी पुढे गेलो, चिमटीत कापड धरलं. इरीनने माझा हात बाजूला केला. "अहो, राहू दे. चिखलात कोण बघतंय?"

"पण असं झालं कसं? पहिला तर बरोबर होता."

तिने सुटं कापड पाठीमागे मुठीत धरलं. मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात ना कापड निसरडं आहे. खालचा थर सरकला असेल. तुमचा हात जरा सैल पडला असेल."

बरोबर आहे. तसंच झालं असणार. तीन थरांत वरचा बरोबर, मधला सरकला. डावा पंजा नीट दाबून धरला नाही की असंच होतं. उस्ताद अशाला थोबाडीत द्यायचे. पंचवीस वर्षांत माझ्या हातून हे झालं नव्हतं. सत्तेचाळीस हे काय हात जायचं वय आहे?

रविवार, २ डिसेंबर

रुवीला जाऊन डोळे तपासले. नंबर बदललाय, पण थोडासाच. म्हणजे डोळ्याचा दोष नाही. हाताचाच.

कातर उचलायची भीती वाटते. सुरैया नावाची आमची जुनी गिऱ्हाईक आहे, झांजीबारकडची, फार चिकित्सक बाई. तिचा ईदचा झगा कापताना चार वेळा टेप लावला. तिने घातला आणि म्हणाली एकदम मस्त. मला वाटतं माझ्या तोंडाकडे बघून कीव आली तिला.

अर्बाबला अजून सांगितलेलं नाही. कटरचा हात गेला तर त्या कटरचं दुकानात काय काम? माझा व्हिसा म्हणजे तिघांचा व्हिसा. कॅन्डिसची अकरावी अर्धी झालीय, पुढच्या वर्षी बोर्ड. आत्ता वसईला नेऊन कुठे घालणार तिला? मराठीत चार ओळी लिहायच्या तर तिला घाम फुटतो. तिची बारावी होईपर्यंत हा हात टिकला पाहिजे. फक्त तेवढं दीड वर्ष.

सोमवार, २४ डिसेंबर

नाताळचे फुगे, आमचे आंबवलेल्या पिठाचे गोल वडे, तळले. दरवर्षी इरीन पीठ फेटते आणि आम्हाला आसपास फिरकू देत नाही. यंदा स्वतः स्टुलावर बसली आणि कॅन्डिसला फेटायला लावलं. "अजून. अजून. हाताला कळायला पाहिजे बाय, विचारायला मी नेहमी असणार आहे का?" कॅन्डिसचे हात भरून आले, रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं पोरीचा जीव घेतेस काय? इरीन माझ्यावरच डाफरली. मग मिठाचं, साखरेचं सगळं माप तिने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. आजवर विचारलं की म्हणायची, अंदाज लागतो, माप नसतं.

लग्नाच्या अंगठीला माझा चांगला सिल्कचा दोरा गुंडाळलेला दिसला. विचारलं तर म्हणे हॉटेलच्या लॉन्ड्रीतल्या साबणाने बोटं बारीक होतात. तिथे चादरी मोजायचं काम करते ही, धुवायचं नाही. पण आज सणाच्या दिवशी कुठे वाद घालू.

गुरुवार, १० जानेवारी २००२

तिसरा फ्रॉक. उत्तराच्या घरी घालून बघायला बोलावलं होतं, उद्या आतले सगळे शॉट. मी दुकानातून धावत गेलो आणि बघून मान खाली घातली. हा तर दुसऱ्याहून ढगळ. सगळ्यात खालचा थर, सगळ्यात जास्त सरकलेला. हिशोब बरोबर लागतो.

मी टाचण्या काढल्या, म्हटलं, बाजूच्या शिवणी उसवून रातोरात घेतो. इरीन नाहीच म्हणाली. "मागून पिना लावते मी. कॅमेरा समोरून आहे." उत्तरा पण म्हणाली, "इट्स ओके अंकल, व्हेरा पंधरा वर्षं उपाशी असते ना, बारीकच दिसायला पाहिजे." मुलीला माझी दया आली. सोळा वर्षांच्या पोरीला.

घरी येताना गाडीत मी रडलो. लपवून काय उपयोग, बायको शेजारीच होती. म्हटलं, "इरीन, माझा हात गेला. शनिवारी अर्बाबला सांगून टाकतो. उद्या कोणाच्या लग्नाचा ड्रेस बिघडवला तर दुकानाची अब्रू जाईल."

तिने माझा उजवा हात गियरवरून उचलला आणि मांडीवर धरून ठेवला. तिची बोटं बर्फासारखी गार. "असं करू नका. थांबा जरा. पिक्चर होऊ दे, मग बोलू." काहीतरी अजून बोलणार होती. तेवढ्यात सिग्नल सुटला आणि मागच्याने हॉर्न मारला.

शनिवार, १२ जानेवारी

सांगितलं. मला थांबता येत नाही, खोटं काम अंगावर येतं. अर्बाब भला माणूस, माझा हात उलटासुलटा करून बघितला, म्हणाला इन्शाल्ला बरा होईल. पण नवीन कटर बघायला लागेल म्हणाला. निझवाच्या दुकानात एक आहे, एप्रिलपासून येईल. तोवर मी.

इरीनला सांगितल्यावर ती पाणी प्यायला म्हणून उठली ती बाथरूममध्ये जाऊन बसली. नळ सोडून. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ८ फेब्रुवारी

मिस्सा चुकवली आज. देवाला तोंड दाखवायची इच्छा नव्हती.

काल संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये पिक्चर झाला. आम्ही दुसऱ्या रांगेत. इरीन माझ्या उजवीकडे, मंगला तिच्या पलीकडे. पोरांनी खरंच छान केलंय. मी मात्र पात्रं सोडून कपडे बघत होतो, खोड जात नाही.

मग तो शॉट आला. निळं दार. मिस व्हेरा चावी काढते, दार ढकलते. ऑक्टोबरमधलं ऊन, फ्रॉक अंगावर घट्ट, माझी इरीन. लगेच पुढच्या सेकंदाला ती आत येते. जानेवारीतला शॉट, त्या दिवशी मी शूटिंगला गेलोच नव्हतो. हॉलमध्ये मागे एक पोरगी किंचाळली. सगळे घाबरले, पोरांना टाळ्या मिळाल्या.

मी बटण बघितलं. शेवटचं बटण, काळ्या दोऱ्याचं. उत्तराने आत येताना तोच पहिला फ्रॉक घातला होता तिला, स्वच्छ तोच होता ना. वरचा थर. जो सरकला नव्हता. जो सूतभर इकडेतिकडे नव्हता. आणि तो तिच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. दोन शॉटच्या मध्ये एक सेकंद. दाराच्या त्या बाजूला माझी बायको होती आणि या बाजूला जी आत आली तिची गळ्याची हाडं मोजता येत होती.

रोज जेवायला समोर बसणारं माणूस. मला दिसलं नाही. पडद्यावर दिसलं.

इरीनकडे बघितलं तर ती पडद्याकडे बघत नव्हती. माझ्याकडेच बघत होती. मंगलाने तोंड फिरवलं.

पिक्चर संपल्यावर उत्तराकडून तिन्ही फ्रॉक मागून घेतले. घरी कॅन्डिस मैत्रिणींशी फोनवर खिदळत होती, मी आतल्या खोलीत पलंगावर फ्रॉक एकावर एक ठेवले. खांद्याला खांदा, शिवणीला शिवण, घेराला घेर. चिखलाचा, रक्ताचा, स्वच्छ. तिन्ही एक. दोऱ्याएवढाही फरक नाही. हात सरकला नव्हता. माझी चूक नव्हती. देवा, माझी चूक असती तर!

इरीन दारात उभी होती. मी म्हटलं, "तू मला माझा हात गेला म्हणू दिलंस."

"मग काय सांगणार होते?"

"मी नोकरी सोडली इरीन. मी रडलो तुझ्यासमोर."

"तुमचा हात परत येईल म्हटलं," ती म्हणाली. "माझं सांगितलं असतं तर त्याच दिवशी तुम्ही सामान बांधलं असतं. पोरीचं वर्ष गेलं असतं. तिची परीक्षा होईपर्यंत, मार्चपर्यंतच तर थांबायचं होतं. डॉक्टर नको म्हणत होते, मीच हट्ट केला."

पोटात गाठ आहे. सप्टेंबरपासून तिला माहीत आहे. दात बित काही नाही. चार महिने ती पिना लावत होती आणि मी माझा हात तपासत होतो. नजरेने माप घेणारा कारागीर म्हणे मी. थू माझ्या नजरेवर.

मी टेप काढला. वीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगाला लावला. ती हात वर करून उभी राहिली, लहान मुलासारखी. म्हणाली, "लिहून घ्या, विसराल." लिहितो. छाती एकतीस. कंबर साडेचोवीस. सीट तेहतीस.

मंगळवार, १९ फेब्रुवारी

परवाची तिकिटं आहेत. मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. कॅन्डिस परीक्षेपर्यंत उत्तराकडे राहील. तिला सगळं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिने गुपचूप फ्रिजवरचा कागद वहीत उतरवून घेतला. उत्तराने पिक्चरची कॅसेट दिली आणि हेडमास्तरीण माझ्या शर्टात तोंड खुपसून रडली. "अंकल, मला वाटलं आंटी मुद्दाम डाएट करतायत, कॅरेक्टरसाठी." मी म्हटलं, तुला कसं दिसणार बाय, मला दिसलं नाही.

अर्बाब म्हणाला, हात तुझा आहे, परत आलास की कातर तुझी. बघू.

प्रवासासाठी इरीनला नवीन फ्रॉक शिवला, मऊ सुती, निळा. कापायच्या आधी टेपने तीनदा मापलं. खिसा तिने मागून घेतला, मिस व्हेरासारखा, पासपोर्टला. आज घालून बघितला. बसला बरोबर. मग ती दोन्ही बाजूंच्या शिवणी चाचपत बसली.

"अहो, आत एवढं कापड का कोंबलंय? चांगलं तीन तीन बोटं आहे."

"असू दे."

"टोचतंय ना. कापून टाका."

"सोडायला लागेल मग, तू भरलीस की. छत्तीसपर्यंत सुटतो तो, मी बघितलंय."

तिने फ्रॉक उलटा केला, आतल्या कापडावरून एकदा अंगठा फिरवला. मग घडी घालून बॅगेत सगळ्यात वर ठेवला आणि म्हणाली, "राहू दे मग. नाही टोचत एवढं."